शर्यत थांबवायची कोणी?

गेल्या डिसेंबरात उपनगरातल्या एका मैदानावर शालेय मुलींच्या क्रॉस कंट्री, म्हणजे मोकळ्या रानातून धावण्याच्या, स्पर्धेला भाचीबरोबर गेले होते. पत्रकावर सकाळी सातची वेळ छापलेली होती. प्रमुख पाहुणे येऊन नारळ फुटेपर्यंत सव्वानऊ झाले. अंबरनाथ आणि पालघरकडून पहिल्या गाडीने आलेल्या मुली पहाटे साडेतीनला उठलेल्या, दोन बिस्किटांवर, छातीवर नंबर लावून ताटकळत बसल्या होत्या. मुंबईत डिसेंबरातही जमिनीवरून येणारे कोरडे वारे सकाळी समुद्रावरच्या वाऱ्याला बराच वेळ आत येऊ देत नाहीत आणि दहाच्या सुमारास उन्हाचा चांगलाच चटका बसतो. सातची शर्यत आणि सव्वानऊची शर्यत या दोन वेगळ्या शर्यती असतात, हे व्यासपीठावरच्या कोणालाही सुचले नाही, कारण व्यासपीठावर मांडव होता.

दुसऱ्या फेरीत, मैदानाच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी एक मुलगी झोकांड्या देऊ लागली. तिथे निशाण घेऊन उभा असलेला स्वयंसेवक महाविद्यालयातला मुलगा होता. तिला थांबवायचे की धावू द्यायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारायला त्याच्याकडे वॉकीटॉकीही नव्हता. ती आणखी शंभरेक पावले गेली आणि कोसळली. रुग्णवाहिका होती, हे आधीच नमूद करते, कारण नंतर आयोजकांनी वारंवार तेवढेच सांगितले. ती पुढच्या दरवाजापाशी उभी होती, मागच्या फाटकाला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो रखवालदार चहाला गेला होता. मुलीच्या मानेवर आणि काखेत ठेवायला बर्फ मिळाला तो बाहेरच्या सरबतवाल्याच्या पेटीतला. संध्याकाळी ती रुग्णालयातून घरी गेली. पण मला आजही खुपते ते वेगळेच आहे: तो सगळा वेळ शर्यत चालू होती, आणि बाकीच्या मुली तिला वळसा घालून धावत होत्या.

आपल्याकडे क्रॉस कंट्री हा स्वस्तातला खेळ मानला जातो. सिंथेटिक ट्रॅक नको, हर्डल्स नकोत, चार पोती फक्की आणि मोकळे रान मिळाले की झाले. वास्तविक स्टेडियममध्ये धावणारा प्रत्येक जण सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. इथे तो झाडाआड, इमारतीमागे, उतारावर दिसेनासा होतो, म्हणून माणसे जास्त लागतात. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांत हे सगळे आहे. फेरी साधारण दीड ते दोन किलोमीटरची असावी, खोल चर आणि धोकादायक उतार टाळावेत, पहिल्या ३०० मीटरमध्ये वाट अरुंद नसावी, हवामान तसे असेल तर प्रत्येक फेरीला पाण्याची सोय असावी, आणि अधिकृत वैद्यकीय पथकाने सांगितले तर धावपटूने तत्काळ शर्यत सोडावी. (आमच्या मैदानावर पहिल्या वळणावरच ध्वनिक्षेपकाचा खांब होता आणि त्याला दोन मुली धडकल्या, पण तो भाग सोडून देते.) या शेवटच्या नियमाला अर्थ तेव्हाच, जेव्हा सांगणारा डॉक्टर धावमार्गावर असतो. मुख्य टेबलापाशी बसून त्याला कोण पडतेय ते दिसणार नाही.

श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी आधी जागच्या जागी अंग थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम आहे. त्यासाठी बर्फ, पाणी आणि एक मोठे टब, एवढेच सामान लागते. एका पाहुण्याच्या शाल-श्रीफळाच्या खर्चात ते बसते.

या खेळाला आपल्या निष्काळजीपणाची किंमत एकदा मोजावी लागली आहे. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जुलैच्या भर उन्हात क्रॉस कंट्री झाली, ३८ धावपटू निघाले आणि १५ पोहोचले. फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी जिंकला, पण वाटेत माणसे कोसळलेली पाहून हा प्रकार पुढच्या ऑलिंपिकपासून वगळला गेला तो गेलाच. चीनमधल्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत गारपीट, पाऊस आणि वाऱ्यात सापडली, आणि १७२ पैकी २१ धावपटू गारठून मेले. तिथे सहा जणांना गुहेत नेऊन वाचवणारा माणूस मेंढपाळ होता. आमचा सरबतवाला आणि तो मेंढपाळ यांची मला नेहमी एकत्र आठवण येते.

थांबवणे अशक्य असते असेही नाही. २०२४ची जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा क्रोएशियात व्हायची होती. तयारी पुरेशी नाही असे दिसल्यावर जागतिक संघटनेने ती काढून घेतली आणि मार्चअखेर बेलग्रेडला घेतली. नामुष्की झाली असेल, पण कोणाची तरी सही त्या निर्णयाखाली होती. आपल्याकडे मात्र पंच म्हणतात सचिवांना विचारा, सचिव म्हणतात डॉक्टरांना, आणि डॉक्टर म्हणून आलेला फिजिओथेरपीचा विद्यार्थी हातात वेदनाशामक स्प्रे घेऊन सगळ्यांकडे बघत असतो. दोष त्या पोराचा नाही.

सही आपण पालक मात्र करतो. प्रवेशअर्जाच्या मागे छापलेले असते की पाल्य आमच्या जबाबदारीवर धावत आहे आणि काही झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. ताईने या वेळी भाचीचा अर्ज भरायला माझ्याकडे दिला. त्या मजकुराखाली मी पेनाने एक ओळ वाढवली: ‘शर्यत थांबवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचे नाव व मोबाइल क्रमांक’. पुढे रिकामी जागा सोडली. खिडकीवरच्या गृहस्थांनी ओळ वाचली, माझ्याकडे पाहिले, शिक्का मारला आणि जागा तशीच कोरी ठेवून अर्ज गठ्ठ्यात सरकवला.