जत्रेसाठी गोळी चालते, मग रोजची का नको?

सोलापूरची गड्डा यात्रा जवळ आली की आमच्या इथल्या मेडिकलवर ठरलेली मागणी सुरू होते, "ताई, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या की." आषाढीच्या आधी पुन्हा तेच. सुनेसाठी सासू स्वतः येते, चारचौघांत मागते. ती नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे हार्मोनचीच गोळी. बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. डॉक्टरची चिठ्ठी मागितली तर मलाच बोलणी बसतात.

आणि हीच सासू 'माला-डी'चं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून रोज घ्यायच्या गोळीचं, पाकीट बघून म्हणते, "हार्मोनचं कशाला बाई, पिशवी खराब होते."

माझं म्हणणं एवढंच, भ्यायचंच असेल तर निदान हिशोबानं भ्या. माला-डीच्या एका पांढऱ्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी? लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम. दहा पट! तरी काही जोडपी तीच महिन्यातून दोन-तीनदा नेतात, कारण "रोजची नको, सवय लागते." सवय कसली डोंबलाची? रोजची बंद केली की दिवस राहू शकतात, बऱ्याच जणींना लगेचच.

रोजची गोळी करते काय, तर मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थांबवते. बीज बाहेरच पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना आत शिरणं अवघड जातं. पोटात गोळ्या साठत वगैरे नाहीत.

पाकिटात २८ गोळ्या असतात. शेवटच्या सात तपकिरी, त्या लोहाच्या. आमच्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या एक अक्का त्या सात काढून टाकायच्या, "त्या कामाच्या नाहीत" म्हणून. अंगावरून जास्त जातं म्हणून चेहरा पांढराफटक, आणि लोहाच्याच गोळ्या कचऱ्यात! पुढं रोजच्या गोळीनं दोन-तीन महिन्यांत त्यांचं अंगावरून जाणं कमी झालं, पोटदुखीही. हजार विड्या पुऱ्या करायला दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या बाईला हा फायदा संततिनियमनाहून मोठा वाटला, तिनंच सांगितलं. बीजकोशाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोकाही या गोळीनं कमी होतो. स्तनाच्या कॅन्सरचा मात्र, घेत असेपर्यंत, किंचित वाढतो. हेही सांगायलाच हवं.

सगळ्यांना चालत नाही. बीपी जास्त, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी, पस्तिशीपुढची आणि सिगारेट-विडी ओढणारी, यांनी नाही. टीबीचं औषध चालू असेल तर त्यातल्या रिफॅम्पिसिननं हिचा असर कमी होतो. बाळ अंगावर पीत असेल तर 'छाया' विचारा. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. सरकारी दवाखान्यात ती आणि 'माला-एन' (माला-डीसारखीच गोळी) फुकट मिळतात.

माला-डीची एखादी पांढरी गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर पुढचे सात दिवस निरोध वापरा.

आणि नवरे मंडळी, रात्री दुकान बंद करताना धावत ७२ तासांची मागायला येता ना, तेव्हा एकदा बायकोचं बीपी मोजून घ्या आणि रोजच्या गोळीचं विचारायला दोघं मिळून डॉक्टरकडे जा. सासूला पाठवू नका.