लेआउट मंजूर होण्याआधीचे २१ दिवस

नागपूरच्या कडेच्या गावांत नवे लेआउट, म्हणजे शेतांचे प्लॉट, पडू लागले की गावकरी म्हणतात, आम्हाला कुणी विचारलंच नाही. शहरातून उत्तर येतं की विचारत बसलं तर इंग्लंडसारखं होईल, दहा घरांना दहा वर्षं लागतील. इंग्लंडमधली नियोजनाची कागदपत्रं रोज वाचणाऱ्याला या उत्तरात थोडं तथ्य दिसतं. तरी माझा कौल गावकऱ्यांना आहे, कारण त्यांना न विचारण्याची सोय कायद्यातच आहे.

आपल्याकडे हरकतीची संधी मिळते ती विकास आराखड्याच्या वेळी. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्यानुसार प्रारूप जाहीर झालं की ३० दिवसांत हरकती-सूचना द्यायच्या आणि मग सुनावणी. नागपूर महानगर क्षेत्रातल्या ७१९ गावांचा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. अशा वेळी शेतकरी साहजिकच एकच गोष्ट बघतो, आपल्या खसऱ्यावर, म्हणजे आपल्या क्रमांकाच्या जमिनीवर, आरक्षण पडलं का? शेजारचं वावर रहिवासी पट्ट्यात गेलं तर तिथे किती प्लॉट पडतील, पाणी कुठून येईल, सांडपाणी कुठे जाईल, हे त्या नकाशात नसतंच. काही वर्षांनी विकासक लेआउटचा अर्ज करतो, तेव्हा तो कागद त्याच्या आणि नियोजन प्राधिकरणाच्या मधेच फिरतो. लगतच्या शेतकऱ्याला नोटीस द्यायचं बंधन नाही. गावाला कळतं ते जेसीबी आल्यावर.

इथे, इंग्लंडमध्ये, दहा किंवा त्याहून जास्त घरांचा अर्ज आला की जागेवर नोटीस लागते किंवा शेजाऱ्यांना पत्रं जातात, शिवाय वर्तमानपत्रात जाहिरात येते. हरकतीसाठी २१ दिवस मिळतात आणि निर्णयाची मुदत असते १३ आठवडे. नकाशे, रहदारीचा अहवाल, ड्रेनेजचा हिशेब असं सगळं कुणालाही संगणकावर उघडून बघता येतं. पॅरिश कौन्सिल, म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, आपलं मत कळवते. ते विचारात घ्यावं लागतं, पण तिला नकाराधिकार नाही. ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ किंवा ‘खिडकीतून दिसणारं शेत जाईल’ या हरकती धरल्याच जात नाहीत. एकाच मसुद्याची दोनशे पत्रं आली तरी मुद्दा एकच मोजला जातो. वजन पडतं ते वळणावर समोरची गाडी दिसते का, पावसाचं पाणी कुठे जाईल, अशा तपासून बघता येणाऱ्या मुद्द्यांना.

नागपुरात असा मुद्दा काळ्या मातीतच आहे. गडर (सांडपाण्याची) लाइन नसलेल्या लेआउटमध्ये घराघरात सेप्टिक टँक बांधतात आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडतात. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मे महिन्यात खड्डा खोदून पाणी ओतलं तर ते बघता बघता जिरतं. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि शोषखड्डा तुडुंब भरून राहतो. मग ते घाण पाणी उताराने नाल्यात जातं, नाहीतर पांदणीतून खालच्या वावरातल्या विहिरीकडे.

यासाठीची चाचणी आपल्याच भारतीय मानक २४७० मध्ये दिलेली आहे. दहा ते तीस सेंटिमीटर रुंदीचा खड्डा ठरलेल्या खोलीपर्यंत घ्यायचा, बुडाशी पाच सेंटिमीटर बारीक खडी टाकायची, आणि पाणी भरून किमान चार तास, शक्यतो रात्रभर, माती भिजत ठेवायची. दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. ६० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर तिथे शोषखड्डा करू नये, सांडपाण्यावर वेगळी प्रक्रिया लागते. शिवाय पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत शोषखड्डा नको. इथे इंग्लंडमध्ये पावसाच्या पाण्यासाठी खड्डा लागोपाठ तीनदा भरतात आणि सर्वांत मंद आकडा धरतात, कारण कोरड्या मातीतला पहिला आकडा फसवा असतो. हे आकडे फाइलीत असतात, त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्यालाही त्यांवर बोट ठेवता येतं.

इंग्लंडचं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. इथल्या सुखवस्तू गावांनी ‘गावाचं रूप बिघडेल’ म्हणत घरं अडवली आणि त्याच गावांतल्या तरुणांना घर घेणं अशक्य झालं. सध्याच्या ब्रिटिश सरकारला या संसदेच्या कार्यकाळात १५ लाख घरांचं लक्ष्य ठेवावं लागलं, त्यामागे हेही एक कारण आहे. नागपुरात भंडारा-गोंदियाहून, उमरेड-मौद्याहून येणाऱ्या माणसाला हजार-दीड हजार फुटांचा प्लॉट हवाच आहे. मंजुरी अडली तर तो विनामंजुरीचा घेईल. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे नियमित करायला घेतलेल्या विनामंजुरी लेआउटचे आकडे नागपूरकरांना तोंडपाठ आहेत ते यामुळेच. गुंठेवारीच्या, म्हणजे विनामंजुरी पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याच्या, कायद्याची १ जानेवारी २००१ ची मुदत २०२१ मध्ये थेट ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली गेली, आणि आधी घर, मग रस्ता हा क्रम पक्का झाला. म्हणून गावाला नकाराधिकार नको, पण माहिती मिळायला हवी आणि हरकतीला लेखी उत्तर मिळायला हवं.

यात वेळ जाईल, हा आक्षेप टिकत नाही. एमआरटीपी कायद्यातच परवानगीच्या अर्जावर निर्णयाला ६० दिवस आहेत. अर्ज आल्याच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि खसऱ्याच्या बांधावर नोटीस लावली, तर २१ दिवस त्यात सहज बसतात.

कायदा बदलेपर्यंतही हात बांधलेले नाहीत. ग्रामसभेच्या आधी ‘रहिवासी पट्ट्यातल्या जमिनींवरील सांडपाणी व नाले’ हा विषय लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यावा. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी तेवढे लागतात. तहकूब सभेला ती अटही नाही, म्हणून त्या दिवशीही हजर राहावं. ठरावात मौजा, खसरा क्रमांक, नाल्याची दिशा आणि विहिरीचं अंतर मीटरमध्ये लिहावं. ‘गावाचं नुकसान होईल’ एवढंच लिहिलेला ठराव बाजूला सारणं सोपं असतं. ठरावाची प्रत प्राधिकरणात आवक शिक्क्यासह द्यावी, पोच जपून ठेवावी, आणि मातीची चाचणी पंचांसमोर, ऑगस्टमध्ये घेण्याची मागणी त्यातच करावी.