चॅप्टर प्लांट रूममध्ये भरवा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एअर कंडिशनिंग-रेफ्रिजरेशनच्या इंजिनिअरांची संस्था असलेल्या अ‍ॅश्रेच्या स्टुडंट चॅप्टरमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थी शाखेत, नाव घातलं, तेव्हा पहिले काही महिने आम्ही नुसती व्याख्यानं ऐकली. पाहुणे यायचे, स्लाइड्स दाखवायचे, शेवटी सगळ्यांचा फोटो. चॅप्टर म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते.

मग एकाने कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणून आमच्याच लेक्चर हॉलमध्ये ठेवला. तास सुरू होताना आकडा साडेचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेइतका. तास संपेपर्यंत दोन हजारांच्या वर, म्हणजे ताजी हवा आत येतच नव्हती! आणि हॉल तर छान गार होता. शोधत शोधत प्लांट रूमपर्यंत, म्हणजे एसीची यंत्रं असतात त्या खोलीपर्यंत गेलो, तर हॉलला हवा पुरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटचा फ्रेश एअर डँपर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, पूर्ण बंद. ऑपरेटर काका म्हणाले, "तो उघडला की हॉल गार व्हायला वेळ लागतो. मग तक्रारी तुमच्याच येतात."

काकांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाहेरची दमट हवा आत घेतली की तिच्यातली वाफ युनिटमधल्या थंड नळ्यांच्या कॉइलवर काढावी लागते आणि तो सगळा भार पाणी गार करणाऱ्या चिलरवर येतो. परीक्षेत हवेचं तापमान आणि ओलावा दाखवणाऱ्या सायक्रोमेट्रिक चार्टवर जी रेघ मी पट्टीने आखत होते, तीच इथे पाणी होऊन ड्रेन पॅनमध्ये ठिबकत होती. विषय मला त्या दिवशी कळला.

नंतर आम्ही याच संस्थेचं व्हेंटिलेशनचं स्टँडर्ड 62.1 काढून बसलो. माणशी लागणारी हवा आणि क्षेत्रफळामागे लागणारी हवा, दोन्हींची बेरीज केली आणि काकांबरोबर एकेक रीडिंग घेत डँपर किती उघडा ठेवायचा ते ठरवलं.

1894 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या जुन्या नावात 'व्हेंटिलेटिंग' हा शब्द होता. 1954 मध्ये तो गेला. 1959 मध्ये रेफ्रिजरेशनवाल्यांची संस्था येऊन मिळाली आणि आजचं नाव पडलं. नावातून गेला तर गेला, पण थंडाव्याच्या नादात हवाच विसरलेली इंजिनिअर मंडळी पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

चॅप्टर चालवणाऱ्या मुलामुलींनो, डिझाइन स्पर्धेत जरूर उतरा. पण पुढचा वक्ता शोधताना आधी आपल्याच इमारतीच्या ऑपरेटरला विचारा, आणि कार्यक्रम प्लांट रूममध्येच ठेवा. तिथे आवाज फार असतो, म्हणून एका वेळी पाच-सहा जणच न्या.