पेरू, तूप आणि तासगावचा बेदाणा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप असे: तूप-मटण खाणाऱ्यांनी रोज पेरू खावा असं मी लिहिलं, पण चरबीच्या खाद्याने आतडं बिघडतं असं दाखवणारे प्रयोग उंदरांवरचे. आपले आजोबा भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन ठणठणीत जगले. शिवाय फळ खाल्लं की तेलकट माफ, असा अर्थ लोक काढतील. आणि पेरूच का, आपला बेदाणा का नाही?

उंदरांबद्दलची शंका रास्त आहे, आणि ती आणखी खोल जाते. अशा प्रयोगांतल्या खाद्यात पुष्कळदा 60 टक्के ऊर्जा चरबीची असते आणि फायबर म्हणून नुसतं सेल्युलोज (वनस्पतींचा कडक तंतू), जे आतड्यातल्या जिवाणूंच्या फारसं उपयोगाचं नाही. तुलनेला मात्र बऱ्याचदा धान्याचं, भरपूर फायबरचं खाद्य घेतात. मग बिघाड चरबीने झाला की जिवाणू उपाशी राहिल्याने? माझा सगळा मुद्दा इथेच आहे. माणसाच्या आतड्यातले जिवाणू ज्यांच्या आतड्यात सोडले होते अशा उंदरांचं फायबर बंद केलं, तेव्हा त्या जिवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्माचा थरच खायला घेतला. हे 2016 साली प्रसिद्ध झालं आहे.

आजोबांच्या लोण्याखाली ज्वारीची भाकरी होती हो! सोबत हुलगा, मटकी, बांधावरची भाजी. लोणी राहिलं आणि बाकीचं ताटातून गेलं, याची मला खरी काळजी वाटते.

माणसांवरचा पुरावाही आहे. 2015 च्या अभ्यासात आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रामीण लोकांच्या आहारांची दोन आठवडे अदलाबदल केली. भरपूर फायबर आणि कमी चरबी मिळालेल्यांच्या आतड्यात ब्युटिरेट (जिवाणू फायबर आंबवून बनवतात ते आम्ल) वाढलं, दाह कमी झाला. दुसऱ्या गटात उलटं घडलं. चरबी आणि फायबर दोन्ही एकदम बदलल्यामुळे सगळं श्रेय मी फायबरला देणार नाही.

पेरूतलं पेक्टिन, म्हणजे फायबरचाच एक प्रकार, न पचता मोठ्या आतड्यात पोचतं, जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेटच. रस गाळला की नेमका कामाचा चोथा टाकला जातो.

माफी मात्र कशालाच नाही. पेरूने तुपातल्या कॅलरी कमी होत नाहीत. तळलेल्यावर फळ नको, बिस्किटाच्या जागी फळ हवं. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता बेदाणा. 100 ग्रॅम पेरूत 5 ग्रॅमच्या वर फायबर, ताज्या द्राक्षांत जेमतेम 1, बेदाण्यात साधारण 4. पण बेदाण्यात साखर साठ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा अवश्य खा, पण चिमूटभर, वाडगाभर नको.