रक्त गोठवल्यानं साखर वाढत नाही

आमच्या आत्यानं अकरा दिवस मधुमेहाची गोळी घेतली नाही. डॉक्टरांनी थांबवली म्हणून नव्हे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला म्हणून. इंदूरच्या मराठी घरांत तो बराच फिरलेला दिसतो. मला रामबागेतून एकदा आणि सुदामानगरातून एकदा आला. मजकूर असा: 'लॅबवाले तुमचं रक्त फ्रीजरमध्ये गोठवून ठेवतात. गोठलेल्या रक्तात साखर वाढते. पोटॅशियम, थायरॉइड, सगळेच आकडे खोटे येतात. गोळ्या बंद करा.'

आधी साखरेचं बघू, कारण आत्याचं नुकसान त्यानंच केलं. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, साखर दर तासाला 5 ते 7 टक्के कमी होते. 160 साखर असलेलं रक्त तीन तास तसंच राहिलं तर आकडा 130 ते 137 च्या आसपास येईल. म्हणजे हेळसांड झालीच तर साखर कमी दिसते, जास्त नाही! पेशींचं हे साखर खाणं थांबवायलाच राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी असते, आणि तिचाही पूर्ण असर व्हायला एक-दोन तास जातात. पेशी बाजूला काढून प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा उरलेला पातळ भाग, गोठवला, तर साखर खायलाच कुणी उरत नाही. मग वाढेल कुठून?

आत्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 8.4 होती. ही तपासणी जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या अख्ख्या रक्तावर होते. ते फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, आठवडाभर नीट राहतं. तरी पटेना, म्हणून काल घरीच तिच्या बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर लावला. 268. तो थेंब कोणत्या फ्रीजरमधून आला होता?

लॅबवाले रक्त गोठवतात, हेही तसं नाही. अख्खं रक्त गोठवलं तर बर्फामुळे पेशी फुटतात आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करताच येत नाही. गोठवतात ते सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, वेगळं केलेलं सीरम (गुठळी झाल्यावर उरणारं पाणी) किंवा प्लाझ्मा, उणे 20 किंवा उणे 80 अंशांवर.

पोटॅशियमबद्दल मात्र मेसेजवाल्याचं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. सीरम वेगळं न करता रक्त थंडीत ठेवलं तर पोटॅशियम आत ओढणारा पेशींचा पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटाच वाढतो. नमुना दुसऱ्या शहरात जाणार असेल तर सीरम इथेच वेगळं करता का, हे जरूर विचारा. पण हा दोष वेगळं न करण्याचा आहे. शिवाय आत्याची पोटॅशियमची तपासणी झालीच नव्हती.

थायरॉइडचं सीरम नीट गोठवलं तर टिकतं. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवणं तेवढं टाळायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 सालच्या पुस्तिकेत कोणता घटक अख्ख्या रक्तात किती टिकतो, सीरममध्ये फ्रीजात किती, उणे 20 ला किती, याचे तक्तेच आहेत. 'सगळेच आकडे खोटे' असते तर घटकागणिक वेगळी मुदत कशाला छापली असती?

आत्यानं काल रात्री डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळी पुन्हा सुरू केली. मेसेज तिला ज्या काकूंनी पाठवला, त्यांनाही मधुमेह आहे. आज संध्याकाळी ग्लुकोमीटर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.