लांबडं दिसलं का?

माझ्या मेहुण्याकडे एक दोनशे पानी वही आहे. आत पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, ठिकाण, जात, अंदाजे लांबी, शेरा. गेल्या पावसाळ्यात मी त्याच्याबरोबर आठ रात्री साप शोधत हिंडलो. त्यातल्या पहिल्या सात ओळींत तारीख, वेळ, ठिकाण अगदी व्यवस्थित भरलेलं आहे. जात आणि लांबी या रकान्यांत आडव्या रेघा. एका ठिकाणी काहीतरी लिहून खोडलंय. शेऱ्याचा रकाना मात्र भरगच्च. 'पाऊस फार.' 'पाऊस नाही.' 'वारा.' 'चांदणं.' 'दाजी शिंकले.'

दाजी म्हणजे मी.

सुरुवात झाली एका रविवारी, जेवताना. "पुण्यात जन्म गेला आणि एकही मोकळा साप पाहिला नाहीत?" असं मेहुण्याने आमरसाची तिसरी वाटी पुढे ओढत विचारलं. मी कात्रजच्या सर्पोद्यानात पाहिले होते, पण काचेमागे आणि बहुतेक आमच्याकडे पाठ करून झोपलेले. ते सर्पोद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांच्या संगतीत ७२ तास काढले होते. तासाला एक साप असा भाव पडतो. सातव्या रात्रीअखेर माझा हिशेब असा होता : ४० तास, दोन सर्दी, साप शून्य.

घरून परवानगी सहज मिळाली नाही. आईने चौकशी समिती नेमल्यासारखे प्रश्न विचारले.

"चावला तर?"

"आपल्याकडे मुख्य विषारी साप चार," मेहुण्याने बोटं मोडली. "नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांवर मिळून एकच लस चालते."

"आणि पाचवा चावला तर?"

मेहुणा थांबला. पाचवा आहे. चापडा त्याचं नाव, हिरवागार, ताम्हिणीकडच्या झाडाझुडपांत असतो आणि त्या लसीत त्याचा समावेश नाही. त्याच्या चाव्याने माणूस सहसा दगावत नाही, हे मेहुण्याने सांगितलं, पण 'सहसा' हा शब्द आईला पटला नाही. बायकोने तेवढ्यात "साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला" ही म्हण ऐकवली आणि चपात्या लाटायला गेली. त्यालाच मी होकार समजलो.

बोहरी आळीतून गमबूट आणले. कपाळावर बांधायची बॅटरी आणली. या बॅटरीविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ती लावली की आपल्याला समोरचं दिसतं की नाही माहीत नाही, पण मुळशी तालुक्यातल्या समस्त किड्यांना आपण दिसतो. ते थेट भुवयांवर येतात. तिथून दोन वाटा फुटतात, एक कानाकडे आणि एक तोंडाकडे. पहिल्याच रात्री मी "तो बघ" म्हणायला तोंड उघडलं आणि एक जाडजूड पतंग गिळला. 'तो' म्हणजे खेकडा निघाला, ते सोडा.

नियम एकच होता. हात लावायचा नाही, पकडायचं नाही, डिवचायचं नाही, लांबून बघायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सापांना संरक्षण आहे, असं मेहुण्याने बजावलं. माझ्याकडून सापांना असलेलं संरक्षण त्या कायद्याच्या आधीपासूनचं आहे.

साप शोधणं म्हणजे प्रत्यक्षात जे साप नाही ते एकेक करून बाद करत जाणं. वेदान्तवाल्यांनी दोरी आणि सापाचं उदाहरण देऊन ठेवलंय : अंधारात दोरी साप वाटते, दिवा आणला की भ्रम जातो. त्यांच्या काळी ठिबक सिंचन नव्हतं. पौडच्या पुढे एका शेतात आम्ही चौघं, म्हणजे मी, मेहुणा, त्याच्या ऑफिसातला मित्र आणि एक कॉलेजातला पोरगा, एका काळ्या नळीकडे वीस मिनिटं श्वास रोखून बघत होतो. चौघांच्या कपाळावर चार दिवे, तरी भ्रम जाईना, कारण नळी अधूनमधून हलत होती. शेवटी बरोबरच्या कॉलेजातल्या पोराने शोध लावला की मी पाय बदलला की ती हलते. तिच्या दुसऱ्या टोकावर मी उभा होतो.

डोळे चमकतील या आशेवरही राहू नये. गवतात बॅटरी मारली की शेकडो हिरवट ठिणग्या चमकतात, अंगावर काटा येतो, जवळ जावं तर कोळी. चिमुकले कोळी, पण डोळ्यांत सराफाच्या दुकानाची झगमग. मांजराच्या किंवा रातव्याच्या डोळ्यांत असतो तसा आरसा सापाच्या डोळ्यात नसतोच. तो तसाच बसून राहतो, आपल्या समोर, आणि आपण कोळ्यांकडे बघून पुढे जातो. शिवाय त्याला जमिनीतली थरथर कळते. तेव्हा चार गमबूट-जोड्या पचक पचक करत येताहेत ही बातमी त्याला आम्ही गाडीतून उतरतानाच मिळत असणार.

साक्षीदारांना मात्र तोटा नाही. पुण्यापासून ताम्हिणीपर्यंत असा एकही माणूस मला भेटलेला नाही, ज्याने 'कालच' साप पाहिला नव्हता. चहावाला, टपरीवाला, पंक्चरवाला, सगळे. "काल यायला पाहिजे होतं," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की मेहुण्याने शेऱ्यात त्याचं नुसतं 'का.या.पा.हो.' असं करून टाकलं. जाडी विचारली तर मनगट दाखवतात. मनगटाहून बारीक साप अख्ख्या मुळशी खोऱ्यात कुणी पाहिलेला नाही. लांबीसाठी आधी दोन्ही हात फाकवतात, मग ते कमी पडतात म्हणून "इथनं त्या मोटरसायकलपत्तुर" म्हणतात. मोटरसायकल कुणी सरकवून लांब लावली तर साप वाढतो.

ज्यांच्या शेतात आम्ही जायचो, ते मामा यात वेगळे होते. बांधावर ओटीसारखा एक कट्टा, त्यावर घोंगडं पांघरून बसलेले. मी म्हटलं, "मामा, इकडे साप दिसतात का?" त्यांनी एकदम हात वर केला.

"रातचं नाव घेऊ नगा. जनावर म्हना. लांबडं म्हना."

"का हो?"

"नाव घेतलं की येतंय."

मामांच्या घरात सापाचं नावच काय, चावणंही सरळ म्हणत नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. किती नाजूक शब्द! मी त्यावर विचार करत होतो, तेवढ्यात मेहुण्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक दिसली. चार रात्री रिकाम्या गेलेल्या माणसाला कुठलाही उपाय चालतो. तो बांधाच्या टोकाला गेला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओढ्याच्या दिशेने खणखणीत आवाजात म्हणाला, "साप! साप! साप!"

मागे मामांच्या घराचं दार धाडकन लागलं. आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला आणि दिवा विझला. साप आला नाही. दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला, की जावईबापूंना, म्हणजे मला, घेऊन या हवं तर, पण त्या ओरडणाऱ्या पाव्हण्यांना आणू नका.

त्याच पाचव्या रात्री, परतीच्या वाटेवर, दगडाशेजारी एक वीतभरसुद्धा नसलेलं, सुतळीएवढं, तपकिरी चकाकतं काहीतरी वळवळताना दिसलं. गांडूळ की वाळा? गांडूळ असेल तर अंगावर कड्या हव्यात, वाळा असेल तर खवले. डोळे म्हणाल तर खवल्याखाली दोन बारीक काळे ठिपके. चिखलात गुडघे टेकून, भिंगातून पाहून, मेहुण्याने निकाल दिला : वाळा. बिनविषारी साप. शिवाय या जातीत नर नसतोच, सगळ्या माद्या, नराशिवायच अंडी घालतात. पहाटे तीनला मी घरी येऊन हे बायकोला अतिशय उत्साहाने सांगितलं.

"शहाण्या आहेत," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आई सकाळी म्हणाली, "तेच ना, कुंडीत निघतं ते? मी काठीने उचलून परत मातीत सोडते. गुलाबाच्या कुंडीत दोन आहेत." हे कळल्यावर मेहुण्याने वहीतला 'वाळा' खोडला. कुंडीत निघतो तो साप मोजायचा नाही, असा नियम त्याने तिथल्या तिथे केला. साठ किलोमीटर पेट्रोल जाळून गेल्यावर कुणीही असाच नियम केला असता.

सहावी रात्र अमावास्येची. चांदण्यात साप बाहेर पडायला कचरतात, कारण ते घुबडाला दिसतात, असं मेहुण्याचं म्हणणं. म्हणून त्याने पंचांगात बघून काळोखी रात्र काढली. ती आषाढ अमावास्या आहे, म्हणजेच गटारी आहे, हे चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. रात्री दीडला परत येताना पिरंगुटच्या आसपास नाकाबंदी. हवालदारसाहेबांनी गाडीत बॅटरी मारली. चिखलाने माखलेले चार पुरुष, डोळे तांबारलेले, पायात गमबूट.

"कुठनं?"

"मुळशीकडनं."

"काय करत होता?"

"साप बघत होतो."

"आज सगळ्यांनाच दिसतात," साहेब शांतपणे म्हणाले आणि यंत्र पुढे केलं. "फुंका."

आम्ही ओळीने फुंकलं. यंत्राने चारही वेळा शून्य दाखवलं. साहेबांनी यंत्र झटकलं आणि मला पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. गटारीच्या रात्री दीड वाजता शुद्धीत असलेली माणसं बघून त्यांचा संशय उलट वाढला. मेहुण्याने मग वही दाखवली. साहेबांनी रकाने वाचले, आडव्या रेघा बघितल्या आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"एकपण नाही?"

"नाही साहेब."

"त्या तिथं पाइपांचा ढीग हाय ना, त्याच्यामागं रोज असतो. हा एवढा," असं म्हणून त्यांनी मनगट दाखवलं. आम्ही गेलो. साहेबही आले, स्वतःची बॅटरी घेऊन. अर्धा तास शोधलं. एक घूस, दोन बेडूक. साहेब बिचारे फार ओशाळले. "काल..." एवढंच म्हणाले. पुढचं आम्हाला पाठ होतं.

याच रात्री तिकडे सहकारनगरात, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. तळजाईच्या पायथ्याशी राहिल्यावर निघायचीच. सगळ्या बिऱ्हाडांनी पाहिली, सर्पमित्र येऊन घेऊन गेला, फोटो झाले. सर्पमित्राने तिची लांबी सहा फूट सांगितली होती. वॉचमनच्या तोंडी ती गणपतीपर्यंत नऊ फुटांची झाली. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं : 'आवारात साप दिसल्यास वॉचमनला सांगावे. वॉचमन सापाला घाबरतो, याची नोंद घ्यावी.'

सातव्या रात्रीबद्दल शेऱ्यात 'दाजी शिंकले' आहे, त्यात सगळं आलं.

आठव्या रात्री मी जाणार नव्हतो. गमबूट वाळले नव्हते. पण गेलो, आणि पावणेबाराला, शेताकडून हमरस्त्याला लागणाऱ्या डांबरी फाट्यावर, पाऊस नुकताच थांबलेला, डांबरातून वाफ निघत होती, तेव्हा मेहुण्याने ब्रेक मारला. कुणी काही बोललं नाही. उतरलो. दहा-बारा पावलांवर तो रस्ता ओलांडत होता. ओल्या डांबराहून काळा, वर निळसर झाक, काचेच्या बांगडीला असते तशी, आणि त्यावर पांढरे आडवे पट्टे. आवाज अजिबात नाही. घाईही नाही. शेपटीकडचा भाग सावकाश पुढे सरकत होता आणि आपण बघतोय ते खरंच आहे, हे मला कळायलाच वेळ लागला. आठ रात्रींत पहिल्यांदाच चौघंही गप्प होतो. मला शिंक आली होती, ती मी गिळली.

"मण्यार," मेहुणा कुजबुजला.

"कवड्या," पोरगा कुजबुजला.

झालं! मण्यार अतिविषारी. तिचं चावणं कित्येकदा दुखतसुद्धा नाही, जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. कवड्या बिनविषारी, घरात शिरून पाली खाणारा. दोघं दिसायला सख्खे भाऊ. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे डोक्याकडे नसतात आणि शेपटीकडे ठळक. म्हणजे डोकं बघितलं की वाद मिटतो. पण डोकं एव्हाना रस्त्याकडेच्या गवतात गेलेलं. उरली शेपटी. मेहुण्याच्या मते पट्टे ठळक होते, पोराच्या मते ते बॅटरीमुळे ठळक वाटत होते. दुसरी खूण म्हणजे पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची रांग, ती मण्यारीला असते. ती बघायला जवळ जायला हवं. बिनविषारी असेल तर जवळ जायला हरकत नाही, आणि बिनविषारी आहे की नाही हे जवळ गेल्याशिवाय कळणार नाही.

"दाजी, तुमचा चष्मा नवा आहे," मेहुणा म्हणाला.

मी बायकोची म्हण आठवून जागचा हललो नाही. मेहुण्याच्या ऑफिसातल्या मित्राने फोटो काढला, त्यात पोराचा डावा गमबूट स्पष्ट आला आहे. शेपटीचं टोक गवतात गेलं. गवत हललंसुद्धा नाही.

वाद पौडपर्यंत चालला, चांदणी चौकात चहाला थांबल्यावर वाढला, आणि पहाटे अडीचला गाडीच्या बॉनेटवर वही उघडून नोंद करायची वेळ आली तेव्हा पोराने लेखणीच धरून ठेवली. शेवटी तडजोड झाली. जात : 'मण्यार / कवड्या'. अंदाजे लांबी : 'दिसली तेवढी दीड फूट'. शेरा : 'वाद चालू'. त्याखाली पोराने आपलं भिन्न मत स्वतंत्र ओळीत नोंदवून घेतलं आणि तारखेसह सही केली. साक्षीदार म्हणून माझीही सही घेतली. चहावाल्याने खालून वाकून वही वाचली.

"साप बघताय होय? मागच्या नाल्यात काल..." म्हणत त्याने मनगट पुढे केलं.