'हेडलेस क्रॉस'च्या लेखाखाली आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'हेडलेस क्रॉस'बद्दल लिहिलं होतं. १९८९ चा अल्बम, इतकी वर्षं अडगळीत पडलेला, आणि मे २०२४ मध्ये 'ॲनो डॉमिनी १९८९–१९९५' हा त्या काळातल्या चार अल्बमचा बॉक्स सेट आल्यापासून लोक तो नव्याने ऐकतायत, कौतुक करतायत, बरं झालं, एवढंच म्हणणं होतं माझं. त्याखाली एका वाचकाने (नाव अर्थातच 'अनामिक') भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओझीशिवाय (म्हणजे बँडचा पहिला गायक ओझी ऑझबर्न) सॅबथ म्हणजे सॅबथ नाही. गाण्यांचे शब्द बालिश आहेत, दर दोन ओळींना सैतान. रिमास्टर म्हणजे आवाज वाढवून परत विकलेला जुना माल. त्याच सेटमधला 'फॉरबिडन' तर नव्याने मिक्स केलाय, मग जुना अल्बम चांगला होता हे कशावरून ठरवलं. आणि शेवटी हे वाक्य: "तेव्हा काळं कुत्रं विचारत नव्हतं या अल्बमला, आता महागडा डबा आला तर सगळ्यांना प्रेमाचं भरतं आलंय, आणि काका तुम्हीही त्याच रांगेत."

तिथे खाली उत्तर लिहायला घेतलं पण ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

आधी एक गोष्ट. मी तुमचा काका नाही. वयाने असेनही, तुमचं वय मला माहीत नाही कारण तुम्ही नावच टाकलेलं नाही, पण 'काका' हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलाय तो सुर मला चांगला कळतो. मतभेद असू द्या की, इथे खाली कितीतरी लोक माझ्याशी भांडतात आणि त्यातल्या दोघातिघांशी आता चांगली ओळख झालीय. पण तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे कमी आणि टोमणे जास्त आहेत. "प्रेमाचं भरतं", "डबा", "रांगेत". संगीतावर बोलताना ही भाषा लागते का? मला खरंच विचारायचंय.

बरं, मान्य करण्यासारखं जे आहे ते आधी मान्य करतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. सैतान जास्त आहे. 'हेडलेस क्रॉस' ऐकताना मधेच हसू येतं हे खरंय, आणि हे फक्त तुमचं माझं मत नाही, खुद्द बँडचा गिटारवाला टोनी आयोमी याने आत्मचरित्रात लिहिलंय की या अल्बमचा गायक टोनी मार्टिन नवीन होता, सॅबथ म्हणजे सैतान असं धरून त्याने सगळीकडे सैतान घातला, मग त्याला सांगावं लागलं की जरा कमी कर, तर पुढच्या 'टायर' अल्बममध्ये तो थेट नॉर्स देवांकडे गेला. ओडिन, व्हाल्हाला वगैरे. आणि सेट महाग आहे, तेही मान्य. झालं.

आता ते वाक्य. काळं कुत्रं विचारत नव्हतं.

हे तुम्ही कुठल्या आधारावर लिहिलंत? 'हेडलेस क्रॉस' ब्रिटनच्या चार्टवर ३१ व्या नंबरपर्यंत गेला होता. त्याच्या आधीचा 'द इटर्नल आयडॉल' (१९८७) ६६ वर अडकला होता, म्हणजे बँड वर येत होता, खाली जात नव्हता. १९८९ च्याच नोव्हेंबरात हे लोक सोव्हिएत युनियनमध्ये गेले, मॉस्को आणि लेनिनग्राडला ओळीने शो केले, सोबत गर्लस्कूल हा मुलींचा बँड होता. तिथे जे लोक जमले ते कुत्रं बघायला आले होते का? अमेरिकेत मात्र 'हेडलेस क्रॉस' आपटला, ११५ वर राहिला, आणि तिथली टूर थोडेच शो करून गुंडाळावी लागली. पण का आपटला ते बघा ना जरा. वॉर्नर-व्हर्टिगो या जुन्या रेकॉर्ड कंपन्या सुटल्यावर बँड आयआरएस नावाच्या लेबलकडे गेला होता, माइल्स कोपलंडचं लेबल, पोलीस या बँडचा मॅनेजर तो, आरईएम वगैरे त्याच्याकडचे. हेवी मेटल विकायची सवय नसलेलं दुकान. आयोमीची तक्रारच ती होती की टूर चालू आहे आणि शहरात ना पोस्टर ना दुकानात अल्बम. गावाला एसटीच सोडायची नाही आणि मग म्हणायचं गावात कुणी येतच नाही, असा प्रकार.

आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तेच चालू राहिलं. आयआरएस बंद पडलं, हक्क इकडून तिकडे गेले, जुन्या सीडी बाजारातून संपल्या. सॅबथचं बाकी सगळं दर पाच-सहा वर्षांनी नव्या कव्हरात यायचं, हे चार अल्बम सोडून. 'हेडलेस क्रॉस', 'टायर', 'क्रॉस पर्पजेस', 'फॉरबिडन'. स्ट्रीमिंग आलं तेव्हाही हे चार अधिकृतपणे नव्हतेच, कुणीतरी यूट्यूबवर चढवलेलं फाटक्या आवाजातलं ऐकायचं आणि ते उडालं की दुसरं शोधायचं. २००६ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडला घेतलं तेव्हा मूळ चौघांनाच घेतलं. टोनी मार्टिन पाच अल्बम गायलाय हो, ओझीनंतर सगळ्यात जास्त, आणि बँडचा इतिहास सांगताना लोक डिओवरून (ओझीनंतरचा गायक) जे उडी मारतात ते थेट ओझी परतला त्या रियुनियनवर पडतात. तेव्हा "कुणी ऐकत नव्हतं" आणि "मिळत नव्हतं" यात फरक आहे, आणि तुम्ही तो करत नाही आहात. माझ्या आधीच्या लेखाचा सगळा मुद्दा हाच होता पण तुम्ही बहुतेक शीर्षक वाचून खाली आलात.

आता "तुम्हीही त्याच रांगेत".

मी हे लिहिणार नव्हतो कारण स्वतःच्या आठवणी काढल्या की लोक म्हणतात झालं, सुरू झाले. पण तुम्ही भाग पाडलंय. मी डोंबिवलीचा. कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमधल्या एकाचा मोठा भाऊ मर्चंट नेव्हीत होता, तो बाहेरून ओरिजिनल कॅसेटी आणायचा आणि त्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, तो बोटीवर गेला की आम्ही डबल डेकवर उतरवून घ्यायचो. 'हेडलेस क्रॉस' मी टीडीकेच्या साठच्या कॅसेटवर उतरवला. आता ज्यांनी हे केलंय त्यांनाच कळेल, एका बाजूला तीस मिनिटं, अल्बम चाळीसचा. ए बाजूला 'कॉल ऑफ द वाइल्ड' कसंबसं बसलं, त्याचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोच खटकन बटण वर यायचं. बी बाजूला 'ब्लॅक मून' आणि 'नाइटविंग', आणि उरलेल्या जागेत आधी भरलेलं तसंच राहिलं होतं, त्यामुळे 'नाइटविंग' संपलं की थोडी खरखर आणि मग आशाताई. मला आजही ते गाणं संपलं की आशाताईंची वाट बघायची सवय आहे. इनले कार्ड (कॅसेटच्या डबीतला माहितीचा कागद) नव्हतंच, वर बॉलपेनने 'सॅबथ ८९' एवढंच. गातो कोण यावर लोकलमध्ये वाद व्हायचे, अर्धे लोक डिओ म्हणायचे, तो नेव्हीवाला सुट्टीवर आला तेव्हा कव्हर बघायला मिळालं आणि निकाल लागला. मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक बँडचा कार्यक्रम बघायला जायचो तेव्हा कुणीतरी हमखास सॅबथचं 'पॅरानॉइड' वाजवायचं, आणि आम्ही चौघं मागे बसून 'हेडलेस क्रॉस' वाजवा म्हणून ओरडायचो, कुणी वळूनसुद्धा बघायचं नाही. तर साहेब, रांग कुठे सुरू होते ते मला सांगू नका, मी तिथे उभा होतो तेव्हा रांगच नव्हती.

हे मिरवण्यासाठी लिहीत नाहीये. (ठीक आहे, थोडं मिरवतोय.) पण बॉक्स सेट आल्यावर एखाद्या वीस वर्षांच्या पोराने पहिल्यांदा या अल्बममधलं 'व्हेन डेथ कॉल्स' ऐकलं आणि त्याला आवडलं, तर त्याचं प्रेम खोटं कसं? सुरुवातीला नुसता लॉरेन्स कॉटलचा बास सरकत येतो, कॉटल हा सेशनवाला, मूळचा जॅझचा माणूस, टूरवर गेलाच नाही, आणि त्यावर मार्टिन अगदी खालच्या आवाजात, आणि मग आयोमीचा रिफ, गिटारची ती परत परत येणारी सुरावट, पडतो. आणि पुढे गाणं पळायला लागल्यावर जो सोलो येतो तो आयोमीचा नाही, ब्रायन मेचा आहे. क्वीनवाला ब्रायन मे सॅबथच्या रेकॉर्डवर! हे ज्याला २०२४ मध्ये कळलं त्याने काय करावं, आपल्याला १९८९ मध्ये कळलं नाही म्हणून गप्प बसावं? की तुमच्याकडून परवानगी घ्यावी?

शीर्षकगीतच घ्या. हेडलेस क्रॉस ही खरी जागा आहे, बर्मिंगहॅमजवळ रेडिचमध्ये, आणि गाणं प्लेगने उजाड झालेल्या गावाबद्दल आहे. ड्रमर कोझी पॉवेल त्यात काहीही अवघड वाजवत नाही. एकच ठोका, सरळ, जड, सहा मिनिटं, पण हलत नाही तो जागचा, आणि तो हलत नाही म्हणूनच मार्टिनला वरच्या पट्टीत जायला जमीन मिळते. पॉवेलने आयोमीबरोबर अल्बमची निर्मितीही केलीय. तो १९९८ ला मोटार अपघातात गेला, कीबोर्डवाला जेफ निकल्स २०१७ ला गेला. हा सेट बघायला दोघंही राहिले नाहीत. तेव्हा "जुना माल" हे शब्द टाइप करायच्या आधी जरा थांबला असतात तर बरं झालं असतं.

बाकीचे मुद्दे. ओझीशिवाय सॅबथ नाही, यावर ओझीशिवायचा पहिला अल्बम 'हेवन अँड हेल' आला तेव्हापासून, म्हणजे १९८० पासून भांडण चालू आहे, मी त्यात भर घालत नाही. २०२५ मध्ये ओझी गेला तेव्हा मीही रडलोय, त्याचा इथे काही संबंध नाही. रिमास्टरचं म्हणाल तर माझ्या कानांना ड्रम मोकळे वाटले, तुमच्या कानांना फक्त मोठे वाटले, ठीक आहे, कान तुमचे. 'फॉरबिडन'च्या नव्या मिक्सचा मुद्दा वेगळा आहे, तो अल्बम रॅपर आईस-टीच्या बॉडी काउंट या बँडमधल्या अर्नी सीने प्रोड्यूस केला होता, गिटार पार मागे गेली होती, आयोमीला तो कधीच पटला नाही आणि आता त्याने स्वतः बसून तो परत मिक्स केला. तो चांगला झालाय. मूळचा चांगला होता असं मी कुठेही म्हटलेलं नाही, परत वाचा. त्यावर इथे जास्त लिहीत नाही, लेख 'हेडलेस क्रॉस'वर होता.

आणि तुम्ही लिहिलंत की "खरे सॅबथ फॅन्स" या अल्बमकडे ढुंकूनही बघत नाहीत. ही खऱ्या फॅन्सची यादी कुणाकडे असते? मला एकदा बघायचीय. त्या नेव्हीवाल्याचं नाव आहे का त्यात तेवढं तपासा, कारण त्याच्याकडे सॅबथच्या सगळ्या ओरिजिनल कॅसेटी होत्या, ओझीच्या सोलोसकट, आणि बोटीवर जाताना तो बरोबर न्यायचा ती ही एकच.

पुढचं तुमचं उत्तर आलं तर छापेन, आतापर्यंत कुणाची प्रतिक्रिया उडवलेली नाही. फक्त 'काका' वगळून लिहा. 'टायर'वरचा लेख येत्या रविवारी टाकतोय. त्यातही ओझी नाहीये, आधीच सांगून ठेवतो.